'विज्ञान : शाप की वरदान?' – हा निबंध आपल्या पऱ्हाटीवर लिहू द्या



'विज्ञान : शाप की वरदान?' हा निबंध ज्याने कधीच लिहिला नाही, असा मराठी शाळेतला विद्यार्थी सापडणं कठीण. सातवीत लिहितो, नववीत लिहितो, दहावीच्या सराव परीक्षेत पुन्हा लिहितो. निबंधही ठरलेला असतो. आधी आजचं युग विज्ञानाचं, मग वीज, मोबाईल, विमान. 'पण' म्हणून दुसरा परिच्छेद, त्यात अणुबॉम्ब आणि प्रदूषण. शेवटी, विज्ञानाचं काय करायचं ते माणसाच्या हातात आहे. झाला निबंध, मिळाले मार्क.

आपल्या आर्णी तालुक्यातला मुलगा हिरोशिमावर चार ओळी पाठ लिहितो. पण त्याच्याच घरच्या वावरात गेल्या वीस-बावीस वर्षांत विज्ञानाचा केवढा मोठा प्रयोग झाला, त्यावर एक ओळ लिहीत नाही. तो प्रयोग म्हणजे बीटी कापूस. माझं म्हणणं एवढंच आहे, की हा निबंध बंद करू नका, पण गाईडमधून काढून पऱ्हाटीत आणा.

रेशीमकिड्याच्या रोगापासून कापसाच्या बियाण्यापर्यंत

गोष्ट सुरू होते जपानमध्ये. १९०१ साली इशिवाता नावाचे शास्त्रज्ञ रेशीमकिडे अचानक का मरतात ते शोधत होते. त्यांना एक जिवाणू सापडला. दहा वर्षांनी, १९११ मध्ये, जर्मनीत बर्लिनर यांना तोच जिवाणू पिठातल्या किडीत दिसला. थुरिंगिया या प्रदेशावरून त्याला 'बॅसिलस थुरिंजिएन्सिस' असं नाव मिळालं. त्याचीच आद्याक्षरं म्हणजे आपलं 'बीटी'. मुलांना विचारून बघा, बीटी म्हणजे काय? बहुतेक जण कंपनीचं नाव सांगतील.

हा जिवाणू एक प्रथिन तयार करतो. अळीच्या आतड्यात ते विरघळतं, आतड्याला भोकं पडतात आणि अळी मरते. माणसाच्या जठरात आम्ल असतं आणि ते प्रथिन जिथे चिकटतं ती जागाच आपल्या आतड्यात नसते, म्हणून आपल्यावर त्याचा तसा परिणाम होत नाही. पुढे शास्त्रज्ञांनी ते प्रथिन बनवणारं जनुकच कापसाच्या झाडात घातलं. रेशीम उद्योगाचा शत्रू कापसाचा राखणदार झाला! मार्च २००२ मध्ये भारत सरकारच्या समितीने जालन्याच्या महिको कंपनीच्या तीन बीटी वाणांना परवानगी दिली. त्याच्या आदल्याच वर्षी गुजरातमध्ये बिनपरवानगीचा बीटी कापूस शेतात उभा असल्याचं उघड झालं होतं. म्हणजे कायदा मागे आणि बियाणं पुढे, हे तेव्हापासूनच सुरू आहे.

अळीला 'सवय' झाली का?

पहिली काही वर्षं बोंडअळीवरच्या फवारण्या कमी झाल्या, हे आपल्याकडचा कोणताही जुना शेतकरी सांगेल. मग गुलाबी बोंडअळी परत आली. २०१० मध्ये गुजरातेत तिने पहिल्या बीटीला दाद न दिल्याचं कंपनीनेच मान्य केलं. पुढे दोन जनुकांचं बीटीही तिच्यापुढे हरलं आणि २०१७ च्या हंगामात विदर्भातली बोंडं आतून पोखरली गेली.

गावात म्हणतात, अळीला औषधाची सवय झाली. इथे विज्ञानाच्या शिक्षकाने थांबायला पाहिजे. एका अळीला सवय होत नाही. लाखो अळ्यांत दोन-चार अशा असतात ज्यांच्यावर प्रथिन चालत नाही. बाकीच्या मरतात, या उरतात आणि यांचीच पिल्लं वाढतात. दहावीच्या पुस्तकातलं नैसर्गिक निवडीचं प्रकरण ते हेच. डार्विनसाठी गॅलापॅगोस बेटावर जायची गरज नाही, धुऱ्यावर गेलं तरी पुरे. पाकळ्या न उमलता गुलाबासारखी मिटून राहिलेली डोमकळी तोडून आणा आणि वर्गात उघडून दाखवा. आत अळी सापडेल.

हे होणार हे शास्त्रज्ञांना माहीत होतं. म्हणून बीटीच्या पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याची छोटी पुडी दिली जायची. ती कडेने लावायची, तिथे साध्या अळ्या जगू द्यायच्या, म्हणजे त्यांचा संकर होऊन प्रतिकार लवकर वाढत नाही. आपल्याकडे ती पुडी बहुतेक ठिकाणी बांधावर पडून राहिली. कोणी समजावून सांगितलंच नाही, आणि दोन-चार एकरवाल्याला अळीसाठी कापूस पेरणं परवडतही नाही. त्यात फरदड घ्यायची, म्हणजे अळीला उन्हाळ्यापर्यंत जेवण तयार.

अमेरिकेत मात्र बीटी कापूस, बिगर-बीटीचे पट्टे आणि प्रयोगशाळेत वाढवलेले वांझ पतंग शेतांवर सोडणं, असं सगळं एकत्र करून २०१८ मध्ये गुलाबी बोंडअळी देशातून संपल्याचं जाहीर झालं. जनुक तेच, कीडही तीच. मग सांगा, शाप की वरदान?

अभ्यासकांमध्येही एकमत नाही

जर्मनीतल्या दोन अभ्यासकांनी २०१२ मध्ये लिहिलं, की बीटीमुळे एकरी उत्पादन २४ टक्क्यांनी वाढलं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती आणि अमेरिकी अभ्यासक स्टोन यांनी २०२० मध्ये वेगळं मांडलं. त्यांच्या मते उत्पादनवाढीचं मोठं श्रेय खत आणि सिंचनासारख्या गोष्टींना जातं आणि शेतकरी कीटकनाशकांवर आता बीटीच्या आधीपेक्षा जास्त खर्च करतो. दोन्ही बाजूंना आकडे आहेत. पहिल्या अभ्यासाचे आकडे २००८ पर्यंतचे, दुसऱ्याचे त्यानंतरच्या बऱ्याच वर्षांचे. कोणत्या वर्षांचे आकडे घेतले यावर उत्तर बदलतं, ही गोष्ट नववीच्या मुलाला कळली, तर सांख्यिकीचं प्रकरण सार्थकी लागलं म्हणा.

वाद इथेही थांबत नाही. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेच्या लोकांनी तणनाशक सहन करणारं, परवानगी नसलेलं बियाणं जाहीरपणे पेरलं. एक बाजू म्हणते, निंदणाला मजूर मिळत नाही, तंत्रज्ञान निवडायचं स्वातंत्र्य द्या. दुसरी म्हणते, तपासणीशिवाय बियाणं नको, आणि निंदण गेलं तर बायांची मजुरी जाईल. आपल्या वर्गात निंदायला जाणाऱ्या आयांची मुलंही आहेत आणि मजूर लावणाऱ्यांचीही. वादविवाद स्पर्धेसाठी यापेक्षा खरा विषय कोणता?

२०१७ चं साल विसरून चालणार नाही

त्याच २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. मेलेल्यांत स्वतःचं वावर नसलेले, रोजाने पंप पाठीवर घेणारे मजूर होते. बियाणं त्यांनी निवडलं नव्हतं, औषधही निवडलं नव्हतं.

म्हणून त्या निबंधाचं शेवटचं वाक्य मला खटकतं. सगळं 'माणसाच्या हातात' आहे म्हणता, पण कोणत्या माणसाच्या? जनुक शोधणाऱ्या शास्त्रज्ञाच्या, परवानगी देणाऱ्या समितीच्या, बियाणं विकणाऱ्या कंपनीच्या, कृषी केंद्राच्या दुकानदाराच्या, उधारीवर औषध आणणाऱ्या शेतकऱ्याच्या, की पंप मारणाऱ्या मजुराच्या? प्रत्येकाच्या हातात थोडं थोडं आहे आणि ते सारखं नाही. हा प्रश्न विचारता आला, की मुलाला निबंध आला.

मग वर्गात काय करायचं?

१. कीटकनाशकाच्या लेबलचा फोटो वाचन-पाठ म्हणून घ्या. भरलेला डबा शाळेत आणू नका, रिकामाही नको. लेबलवरचा त्रिकोण बघायला शिकवा : लाल म्हणजे अतिजहाल, मग पिवळा, निळा आणि सगळ्यात सौम्य हिरवा. हिरवा म्हणजे पिण्यासारखा नव्हे, हेही सांगा. बारीक अक्षरातली सूचना मोठ्याने वाचून दाखवणारं लेकरू घरात असलं, तर बाप रुमाल बांधल्याशिवाय आणि वाऱ्याची दिशा बघितल्याशिवाय फवारायला जाणार नाही.

२. मुलांना आजी-आजोबांची मुलाखत घ्यायला सांगा. २००२ च्या आधी सरकी कुठून आणायचे, किती फवारण्या व्हायच्या, भाव काय मिळायचा.

३. निबंधाला अट घाला : एक तरी आकडा घरचा, एक तरी मत आपल्याला न पटणारं.

दोन शंका

पालक विचारतील, याने मार्क कमी पडले तर? परीक्षकासमोर शंभर निबंध सारखे असतात. त्यात डोमकळीने सुरू होणारा एखादा आला, तर तो नक्कीच थांबून वाचेल.

दुसरी शंका शिक्षकांची, की वर्गात राजकारण येईल. बियाण्याचा कायदा आणि कापसाचा भाव मुलांच्या जेवणाच्या ताटापर्यंत आधीच आलेला आहे. आपण कोणाची बाजू घ्यायची नाही. दोन्ही बाजू नीट ऐकायला आणि पुरावा मागायला शिकवायचं.

आणखी काही वर्षांनी हीच मुलं कृषी केंद्राच्या काउंटरवर उभी असतील. दुकानदार म्हणेल, 'हे घेऊन जा, जबरदस्त आहे.' तेव्हा 'यात काय आहे, किती टाकायचं आणि त्रिकोण कोणता?' एवढं तरी त्यांनी विचारावं. तो सराव आजच्या निबंधाच्या वहीत व्हायला हवा.

यंदा हा विषय फळ्यावर लिहाल, तेव्हा खाली कंसात 'आपल्या वावराच्या संदर्भात' हे तीन शब्द जोडून बघा.