पुदिना, लिंबू आणि बाटली

जामनेरच्या बैठकीत एका मैत्रिणीने पुरवणीतले पान आणले होते : जिनमध्ये ठेचलेला पुदिना, गवती चहा, लिंबू, बर्फ घालून घरच्या घरी 'वनौषधीयुक्त' थंड पेय. बायका हसल्या. पुदिना-लिंबू तर आपलेच, मग त्यात जिन कशाला? जिनला वास जुनिपरच्या फळांचा, पण नशा दारूचीच.

बाईने प्यावे की नाही, हे संघटनेने सांगू नये असे मला वाटते. (सगळ्याजणी सहमत नाहीत.) दारूचे दुकान दाराशी हवे की नको, हे मात्र तिला ठरवता आले पाहिजे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला शहादा तालुक्यातल्या आदिवासी बायकांनी गुत्त्यांवर मोर्चे नेऊन दारूची मडकी फोडली. २००८ च्या शासन आदेशाने मतपेटी दिली : २५ टक्के स्त्री-मतदारांनी मागणी केली की मतदान. पण दुकान बंद व्हायला 'आडव्या बाटली'ला यादीतल्या एकूण स्त्री-मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मते हवीत, झालेल्या मतदानाच्या नव्हे. म्हणजे ऊसतोडीला गेलेली, बाळंतपणाला माहेरी गेलेली, मरूनही यादीत राहिलेली बाई दुकानदाराच्याच बाजूने मोजली जाते.

पान बाजूला ठेवून आम्ही मतदारयादी उघडली.