संशोधन सुरू आहे म्हणून दुकान उघडायचं?

हल्ली मोबाईल उघडला की एक रील हमखास समोर येते. पांढऱ्या कोटातला माणूस, मागे हसरं बाळ, वर ठळक अक्षरात ‘एक्झोसोम थेरपी! अंडाशय पुन्हा तरुण!’ भाव रीलमध्ये नसतो. तो काउंटरवर कळतो.

आधी हे एक्झोसोम काय ते बघू. आपल्या पेशी अतिसूक्ष्म पिशव्या बाहेर सोडतात. आकार केसाच्या जाडीच्या साधारण हजाराव्या भागाएवढा. त्यात प्रथिनं असतात, आरएनए असतं. एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवायचा, हे त्यांचं काम. अंडाशयातल्या द्रवात, बीजनलिकेत, गर्भाशयात त्या सापडतात. वारेतून आईच्या रक्तातही उतरतात. उद्या साध्या रक्ततपासणीतून गरोदरपणातल्या बीपीचा धोका किंवा एंडोमेट्रिओसिस लवकर ओळखता येईल, या आशेने जगभर काम चाललंय. जगात जननक्षम वयातल्या सुमारे दहा टक्के बायका एंडोमेट्रिओसिसने त्रस्त आहेत आणि निदानाला वर्षानुवर्षं लागतात. त्यामुळे या संशोधनाला सलामच.

राग आहे तो ‘उद्या कदाचित’ला ‘आज घ्या’ म्हणून विकणाऱ्यांवर.

अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०१९ मध्येच जाहीर इशारा दिला होता. नेब्रास्का राज्यात एक्झोसोमचे उपचार घेतलेल्या रुग्णांना गंभीर त्रास झाला होता आणि मान्यता मिळालेलं असं एकही उत्पादन तेव्हा नव्हतं. मग आपल्या तालुक्याच्या गावापर्यंत ही बाटली पोचते कशी?

कुणी म्हणेल, आमचं सेंटर तर सरकारमान्य आहे. अहो, २०२१ च्या कायद्याने आयव्हीएफ सेंटरची नोंदणी बंधनकारक आहेच. पण सेंटरची नोंदणी म्हणजे तिथल्या प्रत्येक इंजेक्शनला मान्यता नव्हे!

आणि गिऱ्हाईक कोण? लग्नाला आठ वर्षं झालेली, घरीदारी टोमणे खाणारी बाई. नवऱ्याची साधी वीर्यतपासणी झालेली नसते, पण हिच्यासाठी सोनं मोडलं जातं, शेत गहाण पडतं. विज्ञानाच्या नावाखाली चाललेली ही जुनीच बुवाबाजी आहे. अंगाऱ्याच्या जागी बाटली आली, एवढाच फरक.

म्हणून ताईंनो, पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचाराच. याला औषध म्हणून मान्यता आहे का? नसेल आणि ही चाचणी असेल, तर सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक आणि एथिक्स कमिटीचं पत्र कुठंय? आणि चाचणीच असेल, तर पैसे कसले घेता? संशोधनाचा खर्च रुग्णाच्या माथी मारू नये, असं आयसीएमआरची तत्त्वं सांगतात.

उत्तर देताना समोरचा चिडला, तर समजून जा आणि सरळ उठून या.

आरोग्य खात्यालाही एकच सवाल. या रील आम्हाला दिसतात, तुम्हाला दिसत नाहीत?