माती विकत आणायची की घडवायची?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने खताविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण धानाच्या या भंडारा जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला मातीशी नाते सांगायला कोणत्या शाखेची पदवी लागावी? आपल्याकडचे जुने शेतकरी शाळेत गेले नसतील. पण कन्हार, मोरांड, सिहार, खरडी, बरडी या मातीच्या जाती ते मूठभर माती चुरून ओळखत. आपण शिकलेली मंडळी मात्र मातीला धूळ म्हणू लागलो आणि गळलेल्या पानाला कचरा!

कोणत्याही कचेरीच्या, शाळेच्या वा बंगल्याच्या बागेत डोकावून पाहा. शिशिरात पाने गळतात, त्यांचा ढीग होतो आणि ढिगाला काडी लागते. पुढे गुलाब लावायचे ठरले, की ट्रॅक्टरभर काळी माती विकत येते. ही माती पुष्कळदा कोणाच्या तरी शेताचा वरचा, सर्वांत कसदार थर असते. एक शेत खरवडून आपण आपला ताटवा सजवतो आणि स्वतःच्या झाडांनी फुकट दिलेले धन जाळतो. माझ्या मते हा सरळसरळ अन्याय आहे.

कुजवण्याची विद्या आपल्याला परकी नाही. सर अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी इंदूरला ढीग रचून खत करण्याची पद्धत शास्त्रशुद्ध रीतीने बसवली. त्यांचा ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला. पुढे आपल्या विदर्भातल्याच पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी 'नॅडेप' पद्धत दिली. १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच असे विटांचे टाके बांधायचे. हवा खेळावी म्हणून भिंतींना झरोके ठेवायचे. आत काडीकचरा, शेणाचे पाणी व चाळलेली माती यांचे थर द्यायचे, वरून लिंपायचे आणि ओल टिकवायची. शेण लागते अवघे १०० किलोच्या आसपास; तीन-चार महिन्यांत मातीसकट सुमारे ३ टन खत हाती येते. आपल्याकडे तर पालापाचोळ्याच्या जोडीला धानाचे तणसही आहे.

कोणी म्हणेल, युरियात नत्र ४६ टक्के आणि कंपोस्टमध्ये जेमतेम एक. मग एवढा खटाटोप कशाला? हिशेब बरोबर आहे, पण अपुरा आहे. युरिया झाडाला नत्र देतो, मातीची घडण सुधारत नाही. आपली कन्हार पावसात चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते. बरडीत पाणी ठरत नाही. कुजलेले खत पहिलीला भुसभुशीत करते आणि दुसरीत ओल धरते. गुलाबाच्या मुळांना पाणी हवे तशी हवाही हवी. मुळाशी पाणी साचले की ती कुजतात.

मात्र घाई नको. अर्धवट कुजलेला पाला घातला, तर तो कुजताना मातीतलेच नत्र ओढून घेतो, पाने पिवळी पडतात आणि वाळवीही लागते. खत काळसर, भुसभुशीत व्हावे, त्याला ओल्या मातीचा वास यावा, तेव्हाच ते वापरावे. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात गुलाबाची छाटणी करतात. तेव्हा आळ्यातली माती हलकी करून खत मिसळावे, पण कलमाचा सांधा उघडा ठेवावा. जास्वंद, मोगरा, कुंपणाची मेंदी यांनाही हेच मानवते.

मित्रहो, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत आपण गावकऱ्यांना स्वच्छतेचे धडे देतो. मग आपल्याच आवारात धूर का निघावा? एका कोपऱ्यात एक टाके बांधायला थोड्या विटा आणि चार दिवसांचे श्रम पुरेत. येत्या शिशिरात गळणारे पहिले पान त्या टाक्यात पडावे, एवढीच माझी मागणी आहे.