जबाब घरी घ्यावयाचा असतो
आपले छायाचित्र विकृत करून कोणी वर्गभर फिरविले आहे, हे कळताच जिने मोबाइल तांदळाच्या डब्यात दडविला, त्या पंधरा वर्षांच्या मुलीचा तो मोबाइल जप्त करून शाळा बंद करणे हाच उपाय ज्या घराला सुचतो, त्या घराने अपराध्याची शिक्षा फिर्यादीलाच फर्मावली, असे मी मानतो. पुरावा त्या यंत्रातच असतो. त्यातले काही न पुसता १०९८ या बालमदत क्रमांकावर कळवावे, आणि ठाण्याची पायरी चढावी लागेल या भयाने गप्प बसू नये, कारण बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यान्वये बालकाचा जबाब त्याच्या घरी, शक्यतो महिला फौजदाराने, गणवेशाविना, विश्वासाच्या माणसासमक्ष घ्यावयाचा असतो. त्या वेळी आईने शेजारी बसावे, उलटतपासणी करू नये. ‘तुझी चूक नाही, बाळ’, एवढे मात्र पुन्हा पुन्हा सांगावे.