जुगाडाच्या नावानं चांगभलं!

पेंटबॉलची बंदूक सहसा बिघडत नाही. बिघडतं ते तिच्यातलं रबर. आणि ते रबर बदलायचं सोडून त्याच्याभोवती जे काही गुंडाळलं जातं त्याला आपण कौतुकानं 'जुगाड' म्हणतो. माझा या शब्दावरच राग आहे. आज शनिवार आहे, वेळ आहे, काढून टाकतो.

मागच्या वर्षी आमच्या टीमला लोणावळ्याच्या बाजूला एके ठिकाणी पेंटबॉल खेळायला नेलं होतं. (नाव सांगत नाही, कारण हे सगळीकडे असंच चालत असणार असा माझा दाट संशय आहे.) माझ्या वाट्याला आलेला मार्कर, म्हणजे ती बंदूक, गॅसची बाटली लावल्या लावल्या फुसफुसायला लागला. तिथल्या पोरानं शांतपणे बाटली काढली, तिच्या तोंडावरच्या ओ-रिंगला नळाला लावतात ती पांढरी टेप दोन वेढे गुंडाळली, वर बोटभर खोबरेल चोपडलं आणि म्हणाला, "घ्या सर, ओके." आमचे मॅनेजर खूश. "याला म्हणतात जुगाड!" मी विचारलं, "गोळीचा वेग कशावर मोजता? क्रोनो आहे का?" तर म्हणतो, "टाइम वीस मिनिटं सर. मी शिट्टी मारतो ना."

हसायला ठीक आहे हो. पण जरा हिशोब बघा. पेंटबॉलची गोळी साधारण तीन ग्रॅमची. खेळाच्या मैदानावर वेगाची सर्वमान्य वरची मर्यादा सेकंदाला ३०० फूट, म्हणजे ताशी जवळजवळ ३३० किलोमीटर. या वेगाला दंडावर निळा डाग पडतो आणि डोळ्यावर बसली तर डोळा जातो. म्हणून मास्क. पण ही मर्यादा आपोआप पाळली जात नाही. ती पाळतात मार्करच्या पोटातल्या चार-पाच क्षुल्लक वस्तू. रेग्युलेटरची सीट झिजली की आतला दाब हळूहळू चढत राहतो, आणि तुम्ही थोडा वेळ थांबून मारलेली पहिली गोळी सगळ्यात जोरात जाते. नळीच्या तोंडाशी गोळी अडवणारा एक रबरी दाणा असतो. तो झिजला की एकाऐवजी दोन गोळ्या आत शिरतात आणि फुटतात. मग तो रंग सगळ्या सील्सवर पसरतो, वाळतो, आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या नशिबी येतो. वरून कोणीतरी हाताला लागेल ते तेल ओततं. पेट्रोलियमवाल्या तेलानं कित्येक रिंगा फुगतात, मऊ पडतात. तिला हवं असतं मार्करसाठीचं खास तेल, तेही दोन-तीन थेंब.

मार्कर हे नाव उगाच नाही पडलं. अमेरिकेत ही बंदूक झाडांवर आणि गुरांवर लांबून रंगाची खूण करायला बनवली होती. तिनं माणसांवर खेळायची टूम निघाली १९८१ च्या जूनमध्ये, न्यू हॅम्पशायरच्या जंगलात, बारा जणांमध्ये. म्हणजे मुळात कामाचं अवजार. अवजार म्हटलं की देखभाल आली, हे आपल्याकडे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. आउटिंगवाल्यांना सांगावं लागतं.

मी मनमाडचा. दाबाखालच्या हवेशी आमची ओळख लहानपणापासूनची. जंक्शनवर इंजिन सुटताना डब्यांमधल्या पाइपातून जी फुस्स होते, ती ऐकतच मोठे झालो. त्या ब्रेक पाइपात दर चौरस सेंटीमीटरला ५ किलोचा दाब असतो. तिथलं वायसर गळायला लागलं तर कोणी टेप गुंडाळत नाही, वायसर बदलतात. इंजिन जोडल्यावर शेवटच्या डब्यात गार्ड (आता त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणायचं) गेजवर दाब बघतो, मगच गाडी हलते. आता मार्करच्या कार्बन डायऑक्साइडच्या बाटलीचं बघा. ३० अंश तापमानाला तिच्यात याच्या चौदा-पंधरा पट दाब असतो. ३१ अंशांच्या वर तर आतला द्रव द्रव राहतच नाही, आणि बाटली ठासून भरलेली असेल तर दाब झपाट्यानं चढतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. सकाळी नऊला ठीक असलेला मार्कर दुपारी दोनला तसाच राहील ही अपेक्षाच चूक. म्हणून वेग दिवसातून पुन्हा पुन्हा मोजायचा असतो. त्याला क्रोनो म्हणतात, शिट्टी नाही.

आणि हे नुसतं गळतीपुरतं नाही. बाटली काढताना कधी कधी मार्करच्या जोडातून सुटायच्या ऐवजी बाटलीचा स्वतःचा व्हॉल्व्हच सुटतो, आणि बाटली रॉकेटसारखी उडते. २००४ साली अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगानं यावर जाहीर इशारा दिला, दोन माणसं मेल्यावर. आमचा तो पोरगा बाटली पिळून काढत होता तेव्हा भोवती आम्ही आठ जण घोळका करून सेल्फी काढत होतो.

"पार्ट इम्पोर्टेड आहे, मिळत नाही," हे ठरलेलं उत्तर. साफ खोटं! बाटलीच्या तोंडावरची रिंग आतून १४ मिलिमीटर, जाडी १.७८ मिलिमीटर. हे जगभरचं प्रमाणित माप आहे. कुठल्याही औद्योगिक वसाहतीजवळच्या ऑइल सीलच्या दुकानात जा, हे माप सांगा आणि पॉलियुरेथेनची मागा. साध्या काळ्या रबरात हा गॅस मुरतो आणि दाब उतरला की ते फुगतं, फाटतं. पॉलियुरेथेन टिकतं. तिथे नसेल तर मागवून देतील. चहा-वड्याच्या पैशात मूठभर येतील. आमच्या गावात कुकर-स्टोव्ह दुरुस्त करणारे चाचा होते, त्यांच्याकडे तंबाखूच्या डब्यांत मापानुसार वायसरं लावलेली असायची. चुकीच्या मापाचं वायसर गिऱ्हाइकानं मागितलं तरी द्यायचे नाहीत. त्यांना कोणी जुगाडू म्हटलं असतं तर पान्हाच फेकून मारला असता!

खरा राग मात्र आपल्या लोकांवर आहे. रात्री दोन वाजता सर्व्हरला पॅच मारायला उठणारे आपण, बॅकअप झाला का हे तीनदा विचारणारे. तेच आपण, कंपनीच्या खर्चानं मिळालेली बंदूक तोंडावर रोखून घेतो आणि एक प्रश्न विचारत नाही. गोळ्यांचे पैसे पेटीवर मोजून घेणाऱ्या मालकाला रिंगेचा खर्च परवडत नाही, हे मी मानणार नाही. त्या पोराचाही दोष नाही. त्याला कोणी सुटे भाग दिलेच नाहीत, टेप तेवढी दिली.

या वर्षीच्या आउटिंगचं मेल आलं तेव्हा मी एचआरला तीन प्रश्न पाठवले: क्रोनो आहे का, बाटल्यांवर शेवटच्या चाचणीची तारीख ठोकलेली आहे का, आणि सील्स शेवटची कधी बदलली. काल उत्तर आलं. यंदा बोलिंग ठेवूया का, असं विचारलंय.