टॅग कापला की बैल बेवारस

गाय-बैलांच्या नाकाच्या ओल्या भागावर उंचवट्यांची आणि रेघांची जी नक्षी असते, ती प्रत्येक जनावराची वेगळी असते आणि वय वाढले तरी बदलत नाही. अमेरिकेत मिनेसोटा येथे संशोधक पीटरसन यांनी नाकाच्या ठशावरून गुरे ओळखण्याची पद्धत १९२२ मध्येच मांडली. तेव्हा नाक पुसून, शाई लावून कागदावर ठसा घ्यावा लागे. आता मोबाइलवरचा फोटो पुरतो, जुळणी संगणक करतो. चीनच्या मेगवी कंपनीने २०१९ मध्ये हरवलेल्या कुत्र्यांसाठी ही सोय केली. कुत्र्याचे झाले, लाखाच्या घरातली बैलजोडी मात्र अजून प्लास्टिकच्या तुकड्यावर विसंबून आहे.

तो तुकडा म्हणजे कानातला पिवळा, बारा आकडी टॅग. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून त्याच्याशिवाय खरेदी-विक्री आणि वाहतुकीला बंदी आहे. नियम चोख, पण टॅग काटेरी तारेत अडकून कानासकट फाटतो आणि चोराला तर एक कात्री पुरे. मग चोरीची तक्रार द्यायला गेले की पोलीस ठाण्यात लिहून घेतात ते वर्णन: रंग तांबडा, शिंगे मध्यम, वय अंदाजे सहा वर्षे. लाल कंधारी जातीच्या मुलखात ते दर दुसऱ्या बैलाला लागू पडते. विम्याची अटही तीच, टॅग नाही तर दावा नाही.

सर्वांत मोठा फटका ऊसतोड मजुरांना. बीड जिल्ह्यातून टोळ्या बैलगाड्या घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कारखान्याच्या तळावरून बैल गेला तर तक्रार परक्या ठाण्यात, आणि मुकादमाची उचल अंगावर तशीच.

नाक चिखलाने माखलेले किंवा फोटो हललेला असला तर जुळणी चुकते, हे खरे. चोरीआधी नोंद नसेल तर सगळेच व्यर्थ. म्हणूनच टोळ्या निघण्यापूर्वी, लाळ्या-खुरकूतची लस टोचतानाच फोटो घेतला पाहिजे. अर्थात, त्या दिवशी दवाखान्याला कुलूप नसेल तर!

पशुसंवर्धन विभागाने टॅगची नोंद होते त्या ‘भारत पशुधन’ प्रणालीत टॅगच्या क्रमांकासोबत नाकाचा फोटो सक्तीचा करावा आणि नेकनूरसारख्या जनावरांच्या बाजारात तो पडताळल्याशिवाय विक्रीची पावती फाडू नये.

– एक पशुपालक, लिंबागणेश (ता. जि. बीड)