फोन पाच, हिशेब एक

वेल्हे तालुक्याचे नाव 2025 साली राजगड झाले, पण लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे. या तालुक्यात तोरण्याच्या बाजूला एका वाडीत आमची आत्या राहते. मागच्या पावसाळ्यात तिच्या भावाला, म्हणजे आमच्या काकांना, रात्री पुण्यात दवाखान्यात भरती करावे लागले. आम्ही आत्याला अकरा वेळा फोन लावला. पण या नंबरावर फोन येण्याची सोय बंद आहे, एवढेच पलीकडची बाई पुन्हा पुन्हा सांगत राहिली. आत्याचा रिचार्ज संपून पंधरा दिवस झाले होते. घरात दुसरा फोन होता, त्याला रोजचे दोन जीबी नेटही होते. पण तो फोन नातवाबरोबर शिरवळच्या कंपनीत रात्रपाळीला गेलेला होता. सकाळच्या एसटीने वाडीतला एक माणूस गेला, तेव्हा निरोप पोचला.

काका पुढे बरे झाले, म्हणून आज हे लिहिता येते. पण आत्या भेटली की म्हणते, "आरं, फोन हाय माझ्याकडं. पर मुका हाय. मुका फोन काय कामाचा?"

वाचकहो, हा प्रश्न एकट्या आत्याचा नाही. भोर-वेल्ह्यातल्या आपल्या कुठल्याही घरात डोकावून पाहा. पाच माणसे आणि पाच फोन, अशी स्थिती आहे. पैसे कमी पडले की आधी पोराच्या नेटचा रिचार्ज होतो. मग कमावत्या माणसाचा होतो. मग घरच्या बाईचा, तोही "बघू पुढच्या आठवड्यात" म्हणत म्हणत. म्हातारीचा फोन सर्वांत शेवटी. गावाकडे एकटी राहणारी तीच, दुखण्याखुपण्याला फोनची गरज तिलाच जास्त, आणि बंद पडतो तो तिचाच. म्हणून घरच्या फोनखर्चाचा हिशेब आज मांडायचे आम्ही ठरवले आहे.

आपल्यातल्या जाणत्यांना भोरच्या एसटी स्टँडजवळचा एसटीडी बूथ आठवत असेल. रात्री दर उतरतो म्हणून लोक उशिरापर्यंत रांगेत उभे राहत आणि काचेच्या खोलीतल्या लाल आकड्यांकडे बघत बघत बोलत. देशातला पहिला मोबाईल फोन 31 जुलै 1995 रोजी कलकत्त्याहून दिल्लीला झाला. त्या काळी आलेला फोन उचलला तरी पैसे पडत. ते 2003 मध्ये थांबले. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आली आणि दर एकदम कोसळले. लोकांना नेटची सवय लागली. मग डिसेंबर 2019, नोव्हेंबर 2021 आणि जुलै 2024 अशा तीन वेळा खाजगी कंपन्यांनी दर वाढवले. आता येणाऱ्या फोनला पैसे नाहीत, पण मुदत संपली की येणारा फोनही बंद होतो. म्हणजे आपण मिनिटाचे पैसे देत नाही, दिवसांचे देतो. ही गोष्ट ध्यानात आली की अर्धा हिशेब आला.

पहिली गोष्ट म्हणजे महिन्याचा आकडा पाहू नका, दिवसाचा काढा. दुकानदार ज्याला महिन्याचा रिचार्ज म्हणतो, तो बहुतेक वेळा 28 दिवसांचा असतो. 28 दिवसांनी मोजले तर वर्षात 12 नव्हे, 13 रिचार्ज होतात. तेरावा रिचार्ज आपल्या नकळत खिशातून जातो. लोकांच्या तक्रारी आल्या, तेव्हा दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जानेवारी 2022 मध्ये आदेश काढला. त्यानुसार प्रत्येक कंपनीने निदान एक रिचार्ज पूर्ण 30 दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा ठेवायचा आहे. तो मागा. आपण मागितला नाही तर कोणी आपण होऊन काढून देत नाही.

आता भागाकार करू. जुलै 2024 च्या दरवाढीनंतर जिओचा रोज दीड जीबीचा रिचार्ज 28 दिवसांना 299 रुपये होता. दिवसाला 10 रुपये 68 पैसे पडले. तेवढेच नेट 84 दिवसांना घेतले तर 799 रुपये, म्हणजे दिवसाला 9 रुपये 51 पैसे. एअरटेल आणि व्हीआय या दोन्ही कंपन्यांचा तसाच रिचार्ज 28 दिवसांना 349 आणि 84 दिवसांना 859 रुपये होता. म्हणजे दिवसाला 12 रुपये 46 पैसे आणि 10 रुपये 23 पैसे. दर पुढे बदलत राहतात, म्हणून हे आकडे पाठ करू नका. रुपये भागिले दिवस, ही रीत पाठ करा. ती बदलत नाही.

दुसरी गोष्ट, ज्याला जेवढे लागते तेवढेच घ्या. आत्याच्या हातात बटणांचा साधा फोन आहे. तिला नेट कशाला? पण अनेक वर्षे तिच्यासारख्यांनाही नेटसकट रिचार्ज मारावा लागत होता. ट्रायने 23 डिसेंबर 2024 रोजी नियम केला की नुसते बोलणे आणि एसएमएस एवढाच रिचार्ज प्रत्येक कंपनीने द्यावा. त्याची मुदत 365 दिवसांपर्यंत ठेवण्याचीही मुभा दिली. जानेवारी 2025 मध्ये असे रिचार्ज आले. 84 दिवसांसाठी जिओचा 448, एअरटेलचा 469 आणि व्हीआयचा 470 रुपयांना होता. पूर्ण वर्षासाठी एअरटेल आणि व्हीआय दोघांचा 1,849 रुपयांना, आणि जिओचा 336 दिवसांना 1,748 रुपयांना. दिवसाला पाच रुपयांच्या थोडे वर. त्याआधी आत्या 28 दिवसांचा 199 चा रिचार्ज मारत होती, तोही जमेल तेव्हा. तो वर्षभर मारला असता तर 13 वेळचे 2,587 रुपये झाले असते. वर्षाला 738 रुपयांचा फरक, आणि तोही न वापरलेल्या नेटचा.

मात्र येथे एक सावधगिरी घ्या. "आईला काय करायचंय नेट?" असे घरातल्या पुरुषांनी परस्पर ठरवू नये. बचत गटाचे निरोप, मुलांच्या शाळेचा ग्रुप, बँकेचे काम, सरकारी योजनेची केवायसी, हे सगळे आज फोनवर आहे. तिला काय लागते ते तिलाच विचारा.

आता एक घर धरू. नवरा-बायको, दोन शिकणारी मुले आणि गावाकडे आजी. पाचही फोनांना 28 दिवसांचा 299 चा रिचार्ज मारला तर एका वेळी 1,495 आणि वर्षाला 19,435 रुपये होतात. त्याऐवजी चौघांना 84 दिवसांचा 799 चा आणि आजीला नुसत्या बोलण्याचा 448 चा घेतला, तर वर्षाचे साधारण 15,834 होतात. सुमारे 3,600 रुपये वाचले. कोणाचे बोलणे कमी झाले नाही, आजी सोडून कोणाचे नेटही कमी झाले नाही. त्या पैशात मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघतो.

तिसरी गोष्ट, "फॅमिली प्लॅन". एक बिल आणि त्यावर चार फोन, अशी ही महिनाअखेरच्या बिलाची योजना असते. जाहिरातीतला आकडा लहान दिसतो, कारण त्यात 18 टक्के जीएसटी धरलेला नसतो. आगाऊ रिचार्जच्या किमतीत तो धरलेला असतो. एअरटेलची चार फोनांची योजना जुलै 2024 मध्ये 1,199 रुपये झाली. कर धरून सुमारे 1,415, म्हणजे वर्षाला 16,978 रुपये. तेच चार फोन 84 दिवसांच्या 859 च्या रिचार्जवर ठेवले तर वर्षाला सुमारे 14,930 पडतात. उलट जिओने मार्च 2023 मध्ये चौघांची योजना 399 अधिक तीन वेळा 99, म्हणजे 696 रुपयांना आणली होती. कर धरून 821, दर फोनला 205 रुपये. पुढे जुलै 2024 मध्ये मुख्य फोनचेच 449 झाले. म्हणजे फॅमिली प्लॅन महागच किंवा स्वस्तच, असे सरसकट म्हणता येत नाही. कर मिळवा, नेट किती आणि कोणात वाटायचे ते पाहा, अनामत विचारा, मगच ठरवा. आणखी एक लक्षात ठेवा. बिल एकाच्या नावावर असते. ते थकले तर चारही फोन एकदम मुके होतात. रोजंदारीच्या घरात ही जोखीम लहान नाही.

चौथी गोष्ट म्हणजे रेंज. पुण्यात जो फोन खणखणीत वाजतो, तो राजगड-तोरण्याच्या कुशीत किंवा वरंध घाटाकडच्या वाडीत वाजेलच असे नाही. डोंगर आडवा आला की स्वस्त रिचार्जही फुकट जातो. 2025 पासून कंपन्यांनी आपापल्या रेंजचे नकाशे जाहीर केले आहेत. नकाशा पाहा, पण त्यावरच भरवसा ठेवू नका. शेजाऱ्याचा फोन मागून घ्या, आपल्या चुलीपाशी उभे राहा आणि एक फोन लावून पाहा. बीएसएनएलने जुलै 2024 मध्ये दर वाढवले नव्हते, आणि सप्टेंबर 2025 मध्ये तिच्या देशी बनावटीच्या 4जी सेवेचे उद्घाटन झाले. तिचाही भाव विचारा, रेंजही तपासा, आणि रुपयांबरोबर मुदतीचे दिवसही मोजा.

कंपनी बदलायची तर नंबर तोच राहतो. ही सोय देशभर 20 जानेवारी 2011 पासून आहे. PORT ऐवजी दुसरे काही लिहू नका, असे दुकानदार सांगतो ते खरे आहे. इंग्रजीत पोर्ट हा शब्द, मग जागा सोडून आपला नंबर, असा एसएमएस 1900 वर पाठवा. आलेला कोड चार दिवस चालतो. आपल्याच सर्कलमध्ये बदल तीन कामाच्या दिवसांत होतो. सध्याच्या कंपनीत निदान 90 दिवस झालेले हवेत आणि बिल थकलेले नको. जुन्या रिचार्जचे उरलेले दिवस मात्र बुडतात, म्हणून मुदत संपत आली की बदला.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळे खरे, पण एकदम 1,849 रुपये आणायचे कोठून? बरोबर आहे. तेलाची पुडी रोज घेणाऱ्याला तेल डब्यापेक्षा महाग पडते, आणि गरिबाला पुडीच परवडते. फोनचेही तेच झाले आहे. यावर उपाय आपल्या बायांना केव्हाच सापडला आहे. बचत गट चालतो तसाच घरातल्या घरात फोनचा डबा करा. एका साध्या फोनला रोजचे पाच-सहा रुपये बाजूला पडले की वर्षाचा रिचार्ज जमतो. सगळ्यांचा रिचार्ज एकाच महिन्यात आणू नका. एकाचा दिवाळीच्या बोनसवर, एकाचा भात विकल्यावर, असे वाटून घ्या. प्रत्येकाची मुदत संपण्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आमच्या आत्यासाठी आम्ही चार भाचे-भाच्यांनी वर्गणी काढली. प्रत्येकाच्या वाट्याला पाचशेसुद्धा आले नाहीत. वर्षाचा रिचार्ज मारला. परवा सकाळी सहाला आमचा फोन वाजला. आम्ही घाबरून उचलला. "काय न्हाय रं," आत्या म्हणाली, "लागतोय का, त्ये बघितलं."

आज संध्याकाळी जेवणे झाली की कागद-पेन घ्या आणि घरातल्या सगळ्या फोनांची यादी करा. फक्त एक करा. यादीत पहिले नाव म्हातारीचे लिहा.